उपसा थांबल्यावर

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात लिहिलेला कागद म्हणजे रेशनकार्ड, बाबांचं खाणीतलं हजेरीपत्रक आणि माझ्या मार्कशीट, एवढाच. आठवणी लिहिणाऱ्या माणसाचं थोडं वय झालेलं असावं, असं मला वाटतं. मी अजून एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मला भाषाही धड एक येत नाही; घरची वऱ्हाडी, शाळेतली मराठी, कॉलेजातली हिंदी-इंग्रजी यांची खिचडी होते. तरी लिहितो, कारण एका अहवालात मी एक वाक्य लिहिलं होतं आणि ते चुकलं होतं. अहवालात वाक्य खोडता येतं, ते का चुकलं हे लिहायला तिथे रकाना नसतो.

मी लखनौत भूविज्ञान शिकतो. आमचं घर विदर्भातल्या कोळशाच्या पट्ट्यात. बाबा जमिनीखालच्या खाणीत पंप खलाशी, म्हणजे पंप चालवणारे कामगार, होते. खाणीतल्या गॅलऱ्यांत, म्हणजे बोगद्यांत, सगळीकडून पाणी झिरपत असतं. ते एका हौदात गोळा होतं आणि पंपाने वर फेकावं लागतं. बाबांनी सगळी नोकरी त्या पंपाशेजारी बसून केली. पोळा असो, दिवाळी असो, खाण बंद राहायची पण पंप चालू राहायचे, म्हणून सणाच्या दिवशी बाबा हमखास ड्युटीवर असायचे. पुढच्या पाळीचा माणूस खाली उतरेपर्यंत पंप खलाशाने जागा सोडायची नाही, असा नियम होता आणि बाबा तो नियम घरीही सांगायचे, म्हणजे मी अभ्यासावरून उठलो की.

शेवटच्या वर्षाला सहा महिने कुठेतरी प्रत्यक्ष काम करायचं असतं. मला तेलीबागमधल्या एका छोट्या ऑफिसात जागा मिळाली. खाली टाइल्स आणि कमोडचं दुकान, वर आमचं ऑफिस. तिथे खाणी बंद करण्याचे आराखडे तयार होतात. मी वृंदावन योजनेत एका खोलीत दोघांबरोबर राहायचो, सकाळी कालव्याच्या कडेने चालत मुख्य रस्त्यावर यायचो आणि ई-रिक्षा पकडायचो.

घरी फोनवर सांगितलं तेव्हा बाबांना काम समजावताना माझी पंचाईत झाली.

"बंद कराले प्लॅन लागते?" बाबा म्हणाले. "खाण चालू कराले लागते. बंद करणं म्हणजे काय, माणसं वर घ्या न् तोंड बुजवा."

"तसं नाही ना बाबा. जमीन खचलेली असते, ते भरा लागते. भेगा बुजवा लागतात. झाडं लावा लागतात. मशीन वर काढा, क्वार्टर पाडा, सारं लिहून द्या लागते."

"म्हणजे बिघडवलं आमी, न् निस्तरून रायला तू." आणि ते हसले. आईला ओरडून सांगितलं, "ऐकलं का वं, पोट्टा लखनौले जाऊन खड्डे बुजवते!"

तेव्हा ती थट्टा होती. दोन महिन्यांनी आमच्या ऑफिसात जी फाइल आली ती बाबांच्याच खाणीची होती.

आमचे सर लखनौचेच. पन्नाशीचे, बारीक, स्वतःला 'हम' म्हणणारे. त्यांची एक पद्धत होती. अहवालातलं प्रत्येक वाक्य ते मोठ्याने वाचायचे आणि विचारायचे, "यह किसने कहा?" उत्तर देता आलं पाहिजे. म्हणून आमच्या मसुद्यात प्रत्येक विधानासमोर स्रोताचा रकाना असायचा: नकाशा, मोजणी, कंपनीचं रेकॉर्ड, किंवा स्थानिक रहिवासी. रकाना रिकामा असला की वाक्य कापलं जायचं. पहिल्या महिन्यात माझी निम्मी वाक्यं अशी गेली.

फाइल उघडल्यावर सर म्हणाले, "आपके उधर का है न? भाषा आती है, आप ही हो आइए."

मी म्हणालो, "जी सर, वो इलाका जाना-पहचाना है."

माझे वडील त्याच खाणीतून रिटायर झालेत आणि घर तिथेच आहे, हे मी सांगितलं नाही. लपवायचं असं ठरवलं नव्हतं. सांगितलं तर दुसऱ्याला पाठवतील आणि माझं घरी जाणं हुकेल, एवढंच डोक्यात होतं.

मी आणि एक मोजणीदार, असे दोघं गेलो. तो उपकरण लावून लेव्हल घ्यायचा, म्हणजे कुठली जागा किती उंचीवर आहे त्याचे आकडे. मी फॉर्म भरायचो, विहिरी मोजायचो, फोटो काढायचो, लोकांना विचारायचो. खाणीच्या उतारापलीकडे एक पट्टा आहे, त्याला खालची वस्ती म्हणतात. रिटायर झालेल्या कामगारांनी तिथे प्लॉट घेऊन घरं बांधलीत. बाबांनी सगळ्यांत आधी घेतला. त्यांनी घेतला म्हणून त्यांच्या पाळीतल्या चौघांनी घेतले, मग बाकीचे आले. दोन खोल्या, पुढे टिनाचं छप्पर, मागे आईची भाजी. बाबांच्या आयुष्यातलं कंपनीचं नसलेलं पहिलं घर.

फॉर्मात एक प्रश्न होता: या भागात पाणी साचतं का? मी तो चार-पाच घरी विचारला आणि शेवटी आमच्याच ओसरीत बसून बाबांना विचारला. मोजणीदार शेजारी चहा पीत होता.

"इथं?" बाबा म्हणाले. "पावसायात नाली तुंबते तेवढंच. बाकी ठणठणीत कोरडं. सारी जिंदगी पाण्यात काढली म्या. रिटायर झाल्यावर घर बांधाले कोरडीच जागा पाहीन ना बे?"

शेजारचे काका, तेही जुने खलाशी, म्हणाले, "तुझ्या बापाले जमिनीतलं पाणी वासानं कयते. आमी त्याच्या नाकावर भरोसा ठेवून प्लॉट घेतला."

सगळे हसले. मी लिहिलं: 'सदर वस्तीत पाणी साचल्याचा पूर्वेतिहास नाही.' समोरच्या रकान्यात: स्थानिक रहिवासी.

तेच ते वाक्य.

वस्तीच्या वरच्या अंगाला, शाळेच्या कुंपणाला लागून एक जुनी दगडी विहीर आहे. तळाला प्लास्टिक आणि तुटक्या चपला. मी दोरी सोडून खोली मोजली, 'कोरडी' असं लिहिलं, नियमाप्रमाणे चारही बाजूंनी फोटो काढले. मोजणीदाराने विहिरीच्या काठाची लेव्हल घेतली. त्याच ओघात वस्तीतल्या काही घरांच्या जोत्यांचीही घेतली, त्यात आमचंही होतं. आम्ही लखनौला परतलो. आईने डब्यात जवसाची चटणी दिली होती, ती मोजणीदाराने वाटेतच संपवली.

मानक नगरमध्ये रेल्वेच्या क्वार्टरमध्ये एक मराठी कुटुंब राहतं. गणपतीत ओळख झाली तेव्हापासून काकू मला रविवारी जेवायला बोलावतात. काका रेल्वेत इंजिनिअर आहेत. रुळांखालची आणि पुलांखालची माती हा त्यांचा विषय. मुलगी बारावीला. तिला मराठी सगळं कळतं, बोलत नाही. काकू म्हणतात, "अगं त्याला वरण वाढ," आणि ती म्हणते, "दे तो रही हूँ मम्मी, पहले भैया चावल तो खतम करें." मी तिच्यासमोर भात लवकर संपवतो.

गावाहून परतल्यानंतरच्या रविवारी काकांनी विचारलं, कसं झालं काम. मी मोबाइलवर फोटो दाखवले. ते एकेक बघत होते, विहिरीच्या फोटोवर थांबले आणि दोन बोटांनी मोठा केला.

"ही कोरडी आहे म्हणतोस?"

"हो काका. तळापर्यंत."

"कधीपासून?"

"माझ्या आठवणीत तर कोरडीच आहे. खाण सुरू झाल्यापासून असेल."

"मग ही रेघ कसली?"

काठाच्या खाली साधारण हातभर, आतून सगळ्या दगडांवर एक पांढरट पट्टा होता. मला तो दिसला होता. कुणीतरी कधी सिमेंटचा गिलावा केला असेल असं मी समजलो होतो.

"पाणी जिथे वर्षानुवर्षं उभं राहतं, तिथे दगड असा क्षार धरतो," काका म्हणाले. "आमच्या पुलांच्या खांबांवर बघ कधी. म्हणजे पूर्वी पाणी इथवर होतं. आता नाही, कारण तुमची खाण ते खेचून घेते. बरोबर?"

"हो."

"पंप बंद झाल्यावर ते पाणी कुठे जाईल?"

"खाणीत भरेल."

"आणि खाण भरली की?"

हे आम्हाला शिकवलं होतं. परीक्षेत यावर मी दोन पानं लिहिली होती: उपसा थांबला की भूजल हळूहळू आपल्या मूळ पातळीला परत येतं.

काका म्हणाले, "आधी जेवून घे."

सोमवारी ऑफिसात मी लेव्हलचा तक्ता उघडला. विहिरीच्या काठाची उंची. त्यातून रेघेपर्यंतचं अंतर वजा. आमच्या जोत्याची उंची. वस्ती उतारावर आहे आणि आमचं घर सगळ्यांत खालच्या भागात. बाबांना सपाट, मऊ माती हवी होती, ती तिथे होती. मी वजाबाकी तीनदा केली. रेघ आमच्या जोत्याच्या वर येत होती. मग जुना नकाशा काढला, खाण सुरू होण्याच्या आधीचा. त्यात त्या पट्ट्यावर घरं नव्हती. एक बारीक, तुटक निळी रेषा होती, पावसाळी नाल्याची. ती शाळेच्या खालून निघून जिथे आता आमची गल्ली आहे तिथून जात होती.

बाबा खोटं बोलले नव्हते. शेजारचे काकाही नाही. त्यांनी ती जमीन पाहिली तेव्हा ती कोरडीच होती, कारण तिचं पाणी ते स्वतः रोज तीन पाळ्यांत उपसत होते. वस्तीत कुणालाही विचारलं असतं तरी हेच उत्तर मिळालं असतं. मी मात्र पुस्तक वाचून गेलो होतो, आणि मी विचारायला हवा होता तो प्रश्न वेगळा होता: खाणीच्या आधी इथे काय होतं?

नियमाप्रमाणे मी लगेच सरांना सांगायला हवं होतं. मी आधी बाबांना फोन लावला. दुपारच्या सुट्टीत, दुकानाच्या मागे, जिथे टाइल्सची रिकामी खोकी ठेवतात तिथे उभा राहून.

सगळं ऐकून बाबा म्हणाले, "तू मले पाणी शिकवतं?"

"बाबा, दिवाळीले खाण बंद राहे, तरी तुमी काहाले जात होते?"

"पंप बंद ठेवता येते काय? गॅलऱ्या बुडतेत."

"किती दिवसांत?"

"दिवस कायचे? एका पाळीत हातभर चढते."

"आता तर ते कायमचेच बंद होणार आहेत."

पलीकडे टीव्ही चालू होता. त्यांनी तो बंद केला हे मला ऐकू आलं.

"हे तू कोणाले सांगतलं?"

"अजून नाही."

"मग नको सांगू." मग आवाज खाली आणून म्हणाले, "म्या सांगतलं म्हणून लोकायनं तिथं घरं बांधली बे. चार पोट्टे माह्या पाळीतले. आता कागदावर येईन की वस्ती पाण्याखाली जाते, मी कोणाले तोंड दाखवू? पाणी येईन तवा पाहू."

मी दोन दिवस सरांना काही सांगितलं नाही. या दोन दिवसांबद्दल मला काही चांगलं लिहिता येत नाही. ऑफिसात जात होतो, दुसऱ्या एका खाणीच्या भेगांचा तक्ता भरत होतो, परत येत होतो. खोलीतला एक सोबती म्हणाला, "यार, तेरी शकल ऐसी क्यों है, बैक लगी है क्या?" मी हो, एक विषय राहिलाय म्हणालो, कारण ते सोपं होतं.

तिसऱ्या दिवशी सरांनी त्या प्रकरणाचं वाचन काढलं. ते मोठ्याने वाचत गेले आणि त्या वाक्याशी आले.

"पानी भरने का कोई इतिहास नहीं. यह किसने कहा?"

"स्थानीय निवासी ने, सर."

"कौन?"

"मेरे पिताजी ने."

सरांनी चष्मा काढला. मी मग सगळं एकदम सांगितलं: घर, रेघ, वजाबाकी, निळी रेषा, फोन, दोन दिवस. हिंदीत सांगत होतो आणि मध्येच मराठी येत होतं. सर अडवत नव्हते.

"आपने पहले नहीं बताया," ते शेवटी म्हणाले.

"नहीं सर."

"हम डाँटें कि शाबाशी दें, यह हम घर जाकर सोचेंगे." त्यांनी पेन उचललं आणि ते वाक्य खोडलं. "आज से यह चैप्टर आपका नहीं है. आप पेड़-पौधे वाला देखिए. और विहिर... क्या कहते हैं आप लोग? उस कुएँ की रीडिंग हम दोबारा करवाएँगे, किसी और से."

ते बरोबरच होतं. मी पुढचे पाच आठवडे झाडांवर काम केलं. खचलेल्या जमिनीत आधी भेगा मातीने ठोकून भरायच्या, मग उतार सारखा करायचा, वर सुपीक माती पसरायची, आणि पहिल्या वर्षी गवत आणि शेंगांच्या जातीचं काहीतरी लावायचं, म्हणजे माती धरून राहते. मोठी झाडं नंतर. कडुनिंब, करंज, बांबू, शिसव. मला हे काम आवडलं, हे कबूल करायला हवं. त्यात कुणाचं घर नव्हतं.

दुसऱ्या मोजणीत रेघ तीच निघाली. सरांनी पाण्याच्या प्रकरणात नवं कलम घातलं: उपसा थांबवण्याआधी खालच्या वस्तीतून एक खोल, उघडा नाला काढायचा, म्हणजे वर येणारं पाणी जोत्यांच्या खालच्या पातळीवरच ओढ्याकडे निघून जाईल. नाल्याचा नकाशा तयार झाला तेव्हा सरांनी मला बोलावलं आणि टेबलावर पसरला. नाला निळ्या तुटक रेषेवरूनच जात होता. वाटेत दोन घरं होती. दुसरं आमचं.

"हमने तीन तरह से निकालकर देखा," सर म्हणाले. "इधर से लें तो स्कूल आता है. उधर चढ़ाई है, पानी चढ़ेगा नहीं. पाइप डालें तो साल भर में मिट्टी से भर जाएगा, फिर साफ कौन करेगा?" मग म्हणाले, "बाकी सब घर बच जाते हैं. आपको कुछ कहना है?"

"नहीं सर."

मी इतक्या पटकन 'नहीं' म्हणालो की सरांनी वर पाहिलं.

आराखड्यात कंपनीची रिकामी क्वार्टर पाडायची होती. सरांनी त्यातली एक रांग ठेवायची असं लिहिलं, ज्यांची घरं नाल्यात जातील त्यांना तिथे कायमची जागा म्हणून. कंपनीने ते मान्य केलं. पण घरमालकांच्या लेखी संमतीशिवाय नाला खणता येत नव्हता. आणि नाला झाल्याशिवाय उपसा थांबवायचा नाही, असं कलम होतं. मात्र डिझेल आणि विजेवर पंप किती दिवस चालवायचे याला कंपनीकडे मुदत होती. ती मुदत संपली आणि संमती आली नाही, तर काय होईल हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा फक्त दोन घरं जाणार नव्हती.

पहिल्या घरमालकाने आठवड्यात सही केली. त्याचा मुलगा पुण्याला आहे, त्याला तसंही घर रिकामं करायचं होतं. बाबांनी केली नाही.

गावात सभा झाली. मी गेलो नाही, मला जायची परवानगीही नव्हती. आईने फोनवर सांगितलं. कंपनीच्या साहेबाने नकाशा भिंतीवर लावला, आणि शेजारचे काका, तेच नाकावर भरोसा ठेवणारे, सगळ्यांसमोर म्हणाले, "खलाशी, तुमच्या पोरानं तुमच्याच घरातून नाली काढली ना जी! शिकवाच अजून!"

"मग बाबा काय म्हणाले?"

"काई नाई. चहा न पेता घरी आले."

त्यानंतर बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. आई फोन त्यांच्याकडे द्यायची, मला तिचं "घ्या, बोला ना दोन शब्द" ऐकू यायचं, आणि बाबा फोन हातात न घेता लांबूनच म्हणायचे, "आवाज कटून रायला." असं सहा-सात वेळा झालं. लखनौ आणि आमच्या गावादरम्यान बाकी वेळी आवाज कधी कटत नव्हता.

मी मानक नगरला गेलो तेव्हा काकूंनी विचारलं, "वडील काय म्हणतात?" मी म्हणालो, "काही नाही." काका पेपर वाचत होते. ते म्हणाले, "त्यांना आकडे सांगू नकोस आता. त्यांच्याकडे तुझ्यापेक्षा जास्त आहेत."

मला ते तेव्हा नीट कळलं नाही.

फेब्रुवारीत कंपनीने चाचणी म्हणून काही दिवस उपसा थांबवला. किती वेगाने पाणी चढतं हे पाहण्यासाठी, खाणीत माणसं नसताना, सगळी परवानगी घेऊन. माझं ऑफिसातलं काम तेव्हा संपलं होतं, मी प्रबंध लिहीत होतो. मला हे आईकडूनच कळलं. ती म्हणाली, बाबा रोज सकाळी चहा पिऊन शाळेकडे जातात आणि विहिरीच्या काठावर बसतात. कंपनीचा माणूस येऊन दोरी सोडतो, कागदावर लिहितो, जातो. बाबा बसून राहतात.

"काय करतात तिथं?"

"मले काय मालूम. पायतात खाली."

चौथ्या दिवशी ती म्हणाली की विहिरीच्या तळाचं प्लास्टिक ओलं झालंय. सहाव्या दिवशी ते तरंगत होतं. आईने हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात थोडा आनंद होता. तिने लग्न होऊन आल्यापासून त्या विहिरीत पाणी पाहिलं नव्हतं. मग तिला आठवलं असावं, आणि तिने माझ्या जेवणाचं विचारलं.

त्या संध्याकाळी बाबा शेजारच्या काकांकडे गेले, असंही ती म्हणाली. बऱ्याच वेळाने परत आले. जेवताना तिला एवढंच म्हणाले की एका पाळीत हातभर चढायचं ते खाली, अरुंद गॅलऱ्यांत. वर यायला वेळ लागेल, पण येईल. चाचणी संपली, पंप पुन्हा सुरू झाले. मी आईला विचारलं नाही की मग सही का केली नाही. तिनेही विषय काढला नाही.

मला वाटत होतं ते आता करणार नाहीत. मी मनात बाजू बदलूनही पाहिली. एखाद्याने आयुष्यभर जमिनीखाली काम करावं, मग वर एक घर बांधावं, आणि त्याच्या मुलाने शिकून येऊन ते घर चुकीच्या जागी आहे म्हणावं. मी त्यांच्या जागी असतो तर काय केलं असतं, हे मला खरंच सांगता येत नाही. सरांना एकदा विचारलं की संमती नाही आली तर. ते म्हणाले, "फिर हम लिखेंगे कि नहीं आई. उसके आगे हमारा कागज नहीं जाता."

बातमी आली तेव्हा मी तेलीबागच्या चौकात होतो, ऑफिसातून अनुभवाचा दाखला घेऊन निघालो होतो. ई-रिक्षावाला "वृंदावन, वृंदावन, एक सवारी" ओरडत होता आणि मी बसणार तेवढ्यात फोन वाजला. आईचा नव्हता. बाबांच्या नंबरवरून होता, आणि ते स्वतः बोलत होते. मी ई-रिक्षा सोडली.

"कुठं हायेस?"

"रस्त्यावर, बाबा."

"बाजूले हो मग, गाड्या असतीन." मी बाजूला झालो. "सही करून देल्ली म्या. काल. तुही आई म्हणे पोराले सांगा, म्हणून लावला."

मी विचारलं, कुणी जबरदस्ती केली का.

"कोण करते? शेजारच्याले घेऊन गेलतो संगं. तो म्हणे, खलाशी, पुन्हा क्वार्टरात! म्या म्हटलं, रिटायर झालो तरी कंपनी सोडतच नाही, काय करतं."

"बाबा..."

"ऐक. मालूम असून पंप खलाशी उठून गेला न् मागं गॅलरी बुडली, असं नाही होत आमच्यात. तेवढंच." त्यांनी आईला काहीतरी विचारलं, मग पुन्हा फोनवर आले. "सोमवारी मशीन येते. वरच्या अंगानं नाही, खालून सुरू करणार म्हणते साहेब. म्हणजे आपलं घर पहिलं."